गाडी थांबलेली होती

आमच्या चिलिंग सेंटरच्या फोन रजिस्टरला सात रकाने होते. तारीख, वेळ, गाडीचा नंबर, ड्रायव्हर, ठिकाण, पोचायला किती मिनिटं, आणि शेवटचा ‘गाडी थांबलेली : हो / नाही’. पहिले सहा आधीपासून होते. सातवा मी आखला.

सेंटर कोल्हापूरच्या बाहेर रत्नागिरी रस्त्यावर आहे. मलकापूरकडच्या गावांतलं दूध रोज सकाळी सहा टेम्पोंतून येतं, प्रत्येक टेम्पोत चाळीस लिटरचे तीसेक कॅन. आमच्याकडे टाक्या दोनच. एक रिकामी करून धुवायला वीस मिनिटं जातात. टाकी तयार नसताना टेम्पो आला तर कॅन बाहेर उभे राहतात आणि दुधाची आम्लता वाढत जाते. म्हणून साडेसहा ते आठ या वेळात मी प्रयोगशाळेत एकीकडे नमुने तपासते आणि दुसरीकडे ड्रायव्हरांना फोन करते. कुठे आहात, किती वेळ लागेल. एखाद्याने फोन उचलला नाही तर पाच मिनिटांनी पुन्हा करायचा. तरी नाही उचलला तर मॅनेजर दत्तप्रसाद साहेब स्वतः करतात, आणि त्यांचा फोन कुणालाच नको असतो.

गेल्या वर्षी पावसाळा संपता संपता पोलिसांनी गाडी चालवताना फोनवर बोलणाऱ्यांविरुद्ध मोहीम काढली. नाक्यावर दोघं उभे राहायचे, फोटो काढायचे आणि दंड लावायचे. पंधरा दिवसांत आमच्या सहा टेम्पोंपैकी चार सापडले. साहेब मला म्हणाले, “अवंतिका मॅडम, तुम्ही सायन्सवाल्या. काहीतरी सिस्टीम बसवा, म्हणजे कायदा पाळल्याचा आपल्याकडे पुरावा राहील.”

मी सिस्टीम बसवली. फोन वाजला की ड्रायव्हरने गाडी कडेला घ्यायची, थांबायचं, मगच उचलायचा. मी विचारायचं, “गाडी थांबली आहे का?” त्याने सांगायचं, आणि मी खूण करायची.

पहिला आठवडा मी विचारत होते. नंतर विचारायची गरज उरली नाही. माणसं फोन उचलून हॅलो म्हणतात तसे आमचे ड्रायव्हर म्हणायला लागले, “थांबलोय मॅडम, बोला.” सगळ्यात जुने ड्रायव्हर आकाराममामा. ते जरा रंगवून सांगायचे. “थांबलोय की! जोतिबाच्या दीपमाळंगत उभा हाय. बोला.” मागे कॅन एकमेकांवर आपटल्याचा आवाज यायचा. मी हसायचे.

फोन दुसऱ्या रिंगला उचलला जायचा. दुसरी रिंग म्हणजे पाच-सहा सेकंद. भरलेला टेम्पो इतक्या वेळात कडेला लागून थांबू शकत नाही. हा हिशोब आठवीतल्या मुलाला येईल. मी तो केला नाही.

लॅक्टोमीटर प्रत्येक कॅनमध्ये एकच आकडा दाखवू लागला तर मी तो कचऱ्यात टाकते. माझं रजिस्टर चार महिने एकच उत्तर दाखवत होतं आणि मी ते साहेबांकडे अभिमानाने नेलं. साडेआठशेच्या वर फोन, सगळ्यांपुढे ‘हो’. जानेवारीत कोल्हापुरात रस्ता सुरक्षेचा कार्यक्रम झाला, त्यात आमच्या डेअरीला प्रशस्तिपत्र मिळालं. साहेबांनी मला स्टेजवर बोलावलं. शाल, नारळ, फोटो.

तोपर्यंत मी आणखी एक गोष्ट करू लागले होते. वेळ वाचावा म्हणून फोन वाजत असतानाच सातव्या रकान्यात खूण करून ठेवायची.

कार्यक्रमानंतर नवव्या दिवशी, सकाळी सात बेचाळीसला मी आकाराममामांना फोन लावला. खूण केली. त्यांनी उचलला, पण नेहमीचं वाक्य म्हटलं नाही. “मॅडम, आज दोन कॅन जादा हायत,” म्हणाले. मग एक आवाज आला, पत्र्याचा, आणि त्यामागून बराच वेळ कॅनचा. मग काहीच नाही. तिकडे रेंज जाते अधूनमधून. मी ठिकाणाच्या रकान्यात ‘फाट्याच्या अलीकडे’ लिहिलं, कारण त्या वेळी ते रोज तिथेच असायचे, आणि पुढच्या टेम्पोला फोन लावला.

मोना नावाची मुलगी होती. वीस वर्षांची. मलकापूरला नर्सिंग शिकत होती आणि मोपेडवरून कॉलेजला निघाली होती. तिला कोल्हापूरच्या दवाखान्यात आणलं. दोन दिवसांनी ती गेली.

अपघाताच्या दिवशी मामांच्या टेम्पोतलं दूध दुसऱ्या टेम्पोतून नऊ वाजता आलं. मी तपासलं. आम्लता मर्यादेत होती. मी ते घेतलं.

दुपारी हवालदार आले आणि रजिस्टरच्या त्या पानाची झेरॉक्स घेऊन गेले. साहेबांनीच काढून दिली. मला संध्याकाळी कळलं. पंचनाम्यात आलं ते असं: टेम्पो रस्त्याच्या कडेला थांबलेला होता, मोपेडस्वार भरधाव येऊन त्यावर आदळली, तिचा मोबाईल बाजूच्या चरीत सापडला, त्यावरून ती फोनवर बोलत असावी. बघणारं कुणी नव्हतं. उसाची ट्रॉली मागून आली, तिचा ड्रायव्हर पोचला तेव्हा सगळं होऊन गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी टेम्पो आमच्या आवारात आणून लावला. मी जेवणाच्या सुट्टीत तो बघायला गेले. समोरचा उजवा कोपरा चेपलेला होता. पण मी मागून चढले आणि केबिनच्या पाठीचा पत्रा पाहिला. कॅन त्यावर जाऊन आदळले होते. चार ठिकाणी गोल खड्डे, एका ठिकाणी पत्रा फाटलेला. उभ्या टेम्पोला मोपेड धडकली तर दीड टन दुधाचे कॅन पुढे धावत जात नाहीत. ते पुढे जातात, कारण गाडी वेगात असते आणि एकदम थांबते. मी मोबाईलवर फोटो काढायचं मनात आणलं आणि काढला नाही. कुणीतरी बघेल असं वाटलं. तीन दिवसांनी गॅरेजवाल्याने पत्रा ठोकून सरळ केला आणि वरून रंग मारला.

त्यानंतर दोन आठवडे मी काही केलं नाही. फोन करत होते, खुणा करत होते. आता साहेबांनी आठवा रकाना घालायला लावला होता, ‘इंडिकेटर लावला : हो / नाही’.

मग एका सकाळी मोनाची आई सेंटरच्या फाटकाशी आली. बयाबाई. त्यांच्या घरचं दूधही आमच्याकडेच येतं, गावातल्या संकलनातून. त्या आत येईनात. मी बाहेर गेले.

“रजिस्टर लिवणाऱ्या बाई तुमीच न्हवं?”

“हो.”

“मला दुसरं काय नको बाई. नुसतं त्या कागदावनं तिची चूक काढा. सगळा गाव म्हणतोय, फोनवर बोलत गेली आन् उभ्या गाडीवर चढली. माझी जाऊ म्हणत्या, पोरीस्नी फोन दिला की असंच हुतंय. पोर गेली ती गेली. पर तिची चूक नव्हती, एवढं कुणीतरी लिवून द्या की.”

“तिची चूक नव्हती हे तुम्हाला कशावरून वाटतं?” मी विचारलं. मी असं का विचारलं ते मला आजही सांगता येणार नाही.

“ती गाडी चालवताना फोन डिकीत ठिवायची,” बयाबाई म्हणाल्या. “मीच सांगितलं हुतं. रोज निघताना बघायची मी.”

धडकेने डिकी उघडली असणार. फोन चरीत गेला असणार.

मी साहेबांच्या केबिनमध्ये गेले. दार लावून घेतलं. सगळं सांगितलं: खूण आधी केली होती, मामा थांबलो म्हणाले नव्हते, मी आवाज ऐकला होता, पत्र्याला खड्डे होते. साहेब वाईट माणूस नाहीत. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि मला पाणी दिलं.

“अवंतिका मॅडम, ही एक खूण खोटी म्हणायची, तर बाकीच्या साडेआठशे?”

“त्याही खोट्या आहेत.”

“सही कोणाची आहे?”

“माझी.”

“मग तुम्ही पोलिसांना काय सांगणार? की मी चार महिने खोटं लिहिलं, फक्त आज खरं बोलतेय?” त्यांनी पाण्याचा ग्लास माझ्याकडे सरकवला. “आणि आकाराम आत जाईल. त्याच्या घरात कमावणारा दुसरा कोणी नाही. मुलगी परत येणार आहे का त्यामुळे?”

“फोन बंद करू या,” मी म्हणाले. “प्रत्येक गाडीला वेळ ठरवून देऊ. विचारायचंच नाही.”

“आणि एखाद्या गावात संकलन पंधरा मिनिटं लांबलं तर? दोन गाड्या एकदम आल्या तर? तुम्ही नासलेलं दूध परत पाठवाल, शेतकरी माझ्या दारात येईल.” ते हसले, पण कंटाळलेलं हसू होतं ते. “कायदा म्हणतो बोलू नका. धंदा म्हणतो बोला. आपण मधे रजिस्टर ठेवलंय. सगळेच ठेवतात.”

आकाराममामांनी तेव्हापासून गाडी घेतली नव्हती. सेंटरच्या मागे ते कॅन धुवायला बसायचे. मी तिथे गेले. ते कोपरापर्यंत हात कॅनमध्ये घालून ब्रश फिरवत होते.

“मामा, गाडी चालू होती ना?”

ब्रश फिरत राहिला. “पोलिसांनी इचारलं काय झालं, मी म्हणलो गाडी थांबलीती. तोंडातनं त्येच आलं. चार म्हैनं रोज त्येच म्हणतोय की.”

“नंतर का नाही सांगितलं?”

“नंतर सायबांनी तुमचं रजिस्टर दावलं. त्यात बी त्येच हुतं.” त्यांनी कॅन उपडा केला. पाणी माझ्या पायाशी आलं. “पयला फोन कानाला असायचा मॅडम. एक हात जायाचा, पर डोळं रस्त्यावर असायचं. मग ही मोहीम आली. कानाला फोन दिसला की फोटो काढत्यात. मग सगळ्यांनी फोन मांडीत घेतला, स्पीकर लावला. आता हात मोकळा आन् डोळं मांडीत. नाव कुणाचं आलंय, बटण कुठलं, समदं खाली बघून. त्या दिवशी खाली बघितलं, तुमचं नाव दिसलं, आन् वर बघतोय तर...” त्यांनी ब्रश दुसऱ्या कॅनमध्ये घातला.

“हे पोलिसांना सांगाल का? मी बरोबर येते. मी माझं सांगेन.”

“सांगतो की. मी न्हाय कुठं म्हणतोय?” मग ब्रश खाली ठेवून ते म्हणाले, “पर एक सांगू मॅडम? हसू नका. मला आता दिसतंय बी तसंच. डोळं मिटलं की गाडी कडंला उभी हाय, इंडिकेटर लागल्याला हाय आन् पोरगी येऊन आदळत्या. आईशप्पत दिसतंय. इंडिकेटरचा टिकटिक आवाज बी येतोय.”

“तुमच्या गाडीचा इंडिकेटर दिवाळीपासून बंद आहे, मामा.”

“व्हय,” ते म्हणाले. “त्ये बी ठावं हाय मला.”

दोन दिवसांनी आम्ही पोलीस ठाण्यात गेलो. मी एक पान लिहून नेलं होतं, वेळा घालून. पंचनामा करणारे हवालदार चहा पीत होते. त्यांनी पान वाचलं, उलटून मागची बाजू पाहिली, ती कोरी होती.

“मॅडम, तुमी तितं हुता?”

“नाही. फोनवर होते.”

“म्हंजे बघितलं न्हाय. ऐकलं. काय ऐकलं? कॅनचा आवाज. दुधाच्या गाडीत कॅनचा आवाज न्हाय तर काय बँड वाजणार?” शेजारचे दोघं हसले. “पत्र्याचा फोटो?”

“नाही.”

“गाडी?”

“दुरुस्त झाली.”

“बरं. आन् तुमचीच सही असलेला कागद आमच्याकडं हाय, त्यात गाडी थांबलेली. ह्यो कागद त्या दिवसाचा. तुमचा ह्यो कागद आजचा. कोर्ट कुठला धरंल?” मग मामांकडे वळून, “काय पावणं, तुमी काय म्हणताय? चालू हुती का थांबली हुती?”

आकाराममामा खुर्चीच्या कडेवर बसले होते. त्यांनी डोळे मिटले. मला माहीत होतं ते काय बघतायत.

“मॅडम म्हणत्यात चालू हुती,” ते म्हणाले.

“मॅडमचं न्हवं. तुमचं.”

“मला उभीच दिसत्या, सायेब.”

हवालदारांनी माझं पान फाईलमध्ये घातलं. निदान घातलं. ‘अर्ज प्राप्त’ असं त्यावर लिहिलं. निघताना मी त्यांना विचारलं की मोहिमेनंतर या रस्त्यावर काही फरक पडला का.

“पडला की! फोनच्या केसेस निम्म्यावर आल्या.”

“केसेस म्हणजे दंडाच्या. अपघात?”

“ते वेगळं रजिस्टर असतंय,” ते म्हणाले. “ते बगायला लागंल.” मग त्यांनी ते खरंच काढलं, बोट फिरवत पाहिलं, आणि मिटलं. “हाय तेवढंच हाय. पर लोकं फोनवर बोलताना दिसत न्हाईत आता. हे तर खरं हाय न्हवं?”

खरं होतं. दिसत नाहीत.

पुढच्या रविवारी मी मोनाच्या गावाला गेले. एसटी फाट्यावर सोडते, तिथून चालत. जाताना मी रस्त्याकडे बघत होते, पण कुठली जागा ते कळत नव्हतं. डांबरावर काही नव्हतं.

बयाबाईंनी सोप्यात घोंगडं टाकलं. मोनाचा फोटो पाटावर होता, कॉलेजच्या पांढऱ्या कोटातला. त्यांनी चहा ठेवला. मी म्हणाले, चहा नंतर, आधी ऐका. आणि सगळं सांगितलं. कायदा, साहेबांनी बसवायला सांगितलेली सिस्टीम, सातवा रकाना. फोन वाजत असताना केलेली खूण. मामांचं मांडीकडे बघणं. माझं नाव. मी शब्द निवडून बोलत होते, प्रयोगवहीत लिहावं तसं, कारण दुसऱ्या कुठल्या प्रकारे मला बोलता येत नाही.

बोलणं सुरू असताना शेजारच्या चिमणाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या, मग आणखी दोघीतिघी, मग मोनाचे चुलते. बयाबाई त्यांना म्हणाल्या, “ऐका, ऐका. बाई काय सांगत्यात ऐका. पयल्यापास्नं सांगा, बाई.”

मी पहिल्यापासून पुन्हा सांगितलं. मुलीची काही चूक नव्हती. ती फोनवर नव्हती. फोनवर मी होते. गाडी चालत होती.

सगळ्यांनी शांतपणे ऐकलं. कुणी माझ्यावर ओरडलं नाही. त्यांचं ओरडणं ऐकून घ्यायची तयारी करून मी आले होते.

चुलते म्हणाले, “मग पोलिसांच्या कागदात तसं का न्हाय?”

“माझ्या रजिस्टरमुळे.”

“म्हंजे रजिस्टरात उभी हाय?”

“हो. पण ते खोटं आहे. मी लिहिलंय ते.”

“आन् डायवर काय म्हणतोय?”

तेही सांगितलं. खोटं बोलायला आले नव्हते. “त्याला उभी दिसते.”

चुलते मान हलवत बाहेर अंगणात गेले. चिमणाबाईंनी डोळ्याला पदर लावला. “लई मायाळू हायत बाई,” त्या शेजारणीला म्हणाल्या, दबक्या आवाजात, पण मला ऐकू येईल इतक्या. “स्वतःवर घेत्यात. एवढ्या लांबनं आल्या, पोरीची बाजू राखायला. नोकरदार बाई, कुणाला पडलंय आजकाल?”

“मी कुणाची बाजू राखत नाहीये,” मी म्हणाले. “हे असंच झालं.”

“व्हय, व्हय,” चिमणाबाई म्हणाल्या, आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला.

एकेकीने निरोप घेतला. सोप्यात आम्ही दोघीच उरलो. चहा गार झाला होता. बयाबाईंनी तो परत आत नेला, तापवून आणला, बशीत ओतून माझ्यापुढे सरकवला. मग समोर बसल्या आणि माझ्या तोंडाकडे बराच वेळ बघत राहिल्या. त्या बघण्यात राग शोधत होते मी. राग असता तर बरं झालं असतं.

“बाई,” त्या म्हणाल्या, “एक इचारू? खरं सांगा.”

“विचारा.”

“माझं मन राखायला तर बोलत न्हाय न्हवं तुमी?”

“नाही,” मी म्हणाले.

त्यांनी मान डोलावली, समजुतीने, जशी एखाद्याच्या चांगुलपणापुढे डोलावतात. मी पुन्हा म्हणाले, नाही. माझ्याकडे दाखवायला काही नव्हतं.